कोणत्या जंगलात शिकार चालते?



आज पापडाची कृती नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही बोलणं नाही. आज आम्ही शिकारीविषयी बोलणार आहोत. हसू नका. शिकार म्हणजे पुरुषांचा विषय, असं आम्हालाही वाटत होतं. पण मागं आमच्या गटाची बैठक संपत आली होती, वह्या मिटल्या होत्या, आणि एक ताई हळूच म्हणाली, "कोका अभयारण्यात शिकार बंद आहे, ते ठाऊक आहे. पण आमच्या गावामागचं जंगल काही अभयारण्य नाही. नुसतं झुडपी आहे. तिथं ससा मारला तर काय होते?"

ती असं का विचारते, ते आम्हाला माहीत होतं. तिच्या घरी सशाचं नाही, रानडुकराचं मटण सापडलं होतं. मारलं दुसऱ्यांनी, वाटा घरी आला, तिनं चुलीवर ठेवला. वनखात्याची माणसं आली तेव्हा घरात ती एकटीच होती. पंचनाम्यावर अंगठा तिचा. "जागा सरकारची, अभयारण्याची नाही, मग गुन्हा कसा?" हे ती तेव्हापासून सगळ्यांना विचारत होती, आणि गावातले शहाणेसुरते पुरुष तिला पाच प्रकारची पाच उत्तरं देत होते.

म्हणून आम्ही चौघींनी ठरवलं, की हे एकदा नीट विचारून घ्यायचं. एका वकीलबाईंकडे बसलो. वनरक्षकाला विचारलं. आणि ऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांच्या अंगणात दोन संध्याकाळी घालवल्या. विचारता विचारता लक्षात आलं, की ताईच्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. ती जे विचारत होती, तो प्रश्न तिच्या आजोबांच्या काळात अगदी बरोबर होता. आज तो प्रश्नच चुकतो. तो का चुकतो, हे सांगायचं तर आधी मागं जावं लागेल.

आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात इथं कोहळी आले, त्यांनी तलाव बांधले, जंगल तोडून धानाच्या बांध्या केल्या. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. तो आज गोंदियात आहे, पण १९९९ पर्यंत तोही भंडाऱ्याचाच होता. तलाव, बांध्या आणि त्यांच्यामागे जंगल, अशी आपल्या गावांची ठेवण. त्या काळात शिकारीचा लिहिलेला कायदा नव्हता, पण रीत होती. गोंडांच्या कुळीकुळीला आपापलं मानाचं जनावर असायचं, ते त्या कुळीनं मारायचं नाही. ढिवर पाण्याचे, त्यांचा हक्क मासळीवर. मारलेल्या जनावराचा वाटा गावात कसा पडायचा, तेही ठरलेलं. आजोबा म्हणाले, "बाई शिकारीला जात नसे, पण वाटा पाडताना विधवेचं घर पहिले विचारत." ही त्यांच्या वडिलांकडून आलेली गोष्ट. आमच्यातल्या एकीला ती फार आवडली, म्हणून इथं सांगितली.

१८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, तेव्हा भंडाराही त्यांच्याकडे गेला. पुढं त्यांनी जमिनीचा बंदोबस्त केला. गावाचा सारा गोळा करणारा जो पाटील, त्यालाच मालगुजार म्हणून मालकी देऊन टाकली. गावची पडीक जमीन, तलाव, जवळचं जंगल, हे सगळं मालगुजाराचं झालं. दूरचं दाट जंगल सरकारनं आपल्याकडे ठेवलं. काल गावामागं एकच रान होतं, त्याचे आता दोन मालक झाले.

मग १८७८ चा जंगल कायदा आला. राखीव जंगल आणि संरक्षित जंगल हे शब्द तिथून आपल्या तोंडी आले. राखीव जंगलात सरकारच्या नियमाविरुद्ध शिकार करणं, फासे लावणं, मासे धरणं, पाण्यात विष कालवणं गुन्हा ठरलं. १९२७ च्या कायद्यात हे सगळं पुन्हा आलं, आणि तो कायदा आजही आहे. त्याच १८७८ सालात हत्यारांचाही कायदा झाला. बंदुकीला परवाना लागू लागला. आता परवाना कोणाला मिळणार? साहेबाला, मालगुजाराला, कधी एखाद्या पाटलाला पिकाच्या राखणीसाठी. गोंडाच्या हाती धनुष्यबाण, कुऱ्हाड आणि फासा राहिला. त्यातला फासा तर राखीव जंगलात नियमाबाहेरचा.

इंग्रजांनी शिकार बंद केली असं समजू नका. ती त्यांनी वाटून घेतली. मध्य प्रांतातल्या सरकारी जंगलाचे शिकारीसाठी तुकडे पाडले होते, त्यांना 'ब्लॉक' म्हणत. साहेबानं जंगल अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, परवाना घ्यायचा, अमुक ब्लॉकमध्ये अमुक दिवस शिकार करायची. १९१२ मध्ये सगळ्या देशासाठी रानपाखरं आणि जनावरांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यानं ठरावीक पक्षी-प्राण्यांसाठी वर्षातला काही काळ बंदीचा ठरवता येऊ लागला. तेव्हाच्या शिकाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्या लागत: हा ब्लॉक कोणाचा, हा महिना कोणता, आणि माझ्याकडे कागद आहे का. मालगुजाराच्या जंगलात मालगुजाराला विचारलं की झालं.

आता सांगा, आपल्या ताईचा प्रश्न हाच नव्हे का? जागा कोणाची, तेवढं सांगा. तो प्रश्न तिनं मनानं काढलेला नाही. सत्तर-ऐंशी वर्षं ह्या मुलखात शिकारीचा कायदा जागेनंच चालत होता, आणि घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यातून तो तिच्यापर्यंत आला.

आजोबा पोरवयात हाक्याला गेले होते. शिकारी मचाणावर बसायचा. आदल्या दिवशी गारा बांधलेला असायचा, म्हणजे वाघासाठी बांधलेला हेला. पहाटे पन्नास-साठ माणसं ओळ धरून ढोल, डबे, काठ्या वाजवत जंगलातून निघायची. जनावर पुढं पळत पळत मचाणाखाली यायचं. हाकेकरी सगळे गोंड, ढिवर, गावातली गरीब माणसं. "भीती नाही वाटायची?" आम्ही विचारलं. म्हणाले, "वाघाची वाटे. न गेल्याची जास्त वाटे." मजुरी किती मिळे, ते त्यांना आठवेना. एक आठवत होतं: वाघाचा फोटो निघाला तेव्हा हाकेकऱ्यांना बाजूला सरकायला सांगितलं.

त्याच माणसानं दुसऱ्या दिवशी त्याच जंगलात सशाला फासा लावला तर तो चोर. मराठीत आपण दोन्हीला शिकारच म्हणतो, आणि गरिबाची सांगताना तिच्यापुढं 'चोरटी' लावतो. पारध्यांचं तर याहून वाईट झालं. फासे लावणं हाच ज्यांचा पिढीजात धंदा, अशा कितीतरी जमातींवर १८७१ च्या कायद्याखाली जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का पडला. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला. लोकांच्या मनातून किती गेला, ते आठवडी बाजारात बघा.

स्वातंत्र्य आलं. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या सरकारनं १९५० मध्ये कायदा करून मालगुजारी संपवली, आणि १९५१ मध्ये मालगुजारांची जंगलं आणि तलाव सरकारजमा झाले. गावासाठी निस्ताराचे हक्क लिहिले गेले: सरपण, चराई, घराला लाकूड. हे चांगलंच झालं. पण शिकारीच्या बाबतीत पुढची वीस वर्षं जनावरांना फार वाईट गेली. मालगुजाराचा धाक गेला, सरकारचा अजून बसला नव्हता. जीपगाड्या आल्या. रात्री गाडीवर दिवा लावायचा, डोळे चमकले की गोळी घालायची. परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देण्याच्या कंपन्या देशात चालत, कातडी परदेशी विकली जात. शहरातली, हौसेची, बंदूकवाली माणसं सुट्टीत येत. आजोबा म्हणाले, "हाक्यात दिवसभर फिरून एक जनावर मिळे. जीपवाले एका रातीत पाच टाकत."

सगळ्यांनाच ते दिसत नव्हतं असं नाही. शेजारच्या चंद्रपूरमध्ये ताडोबाच्या जंगलात १९३५ पासूनच शिकार बंद होती, आणि १९५५ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. आपल्याकडे १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान. मारुती चितमपल्ली, ज्यांच्या रानाच्या पुस्तकांतले धडे तुमच्या पोरांनी शाळेत वाचले असतील, त्यांनी वनखात्याच्या नोकरीतली कितीतरी वर्षं ह्याच नवेगाव-नागझिऱ्यात काढली.

देशात वाघाची शिकार १९७० मध्ये बंद झाली. १९७२ मध्ये मोजदाद झाली तेव्हा सगळ्या देशात मिळून जेमतेम अठराशे वाघ निघाले. त्याच वर्षी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. ताईच्या प्रश्नाची दिशाच इथं बदलली.

ह्या कायद्यानं जागा विचारणं सोडलं आणि जनावर विचारायला सुरुवात केली. त्यानं याद्या केल्या. त्यांना अनुसूची म्हणतात. कोणतं जनावर कोणत्या यादीत, त्यावर ते मारता येतं का आणि मारल्यास शिक्षा किती, हे ठरू लागलं. जंगल राखीव असो, झुडपी असो, गायरान असो, की सातबारा तुमच्या सासऱ्याच्या नावावर असो. यादीतला ससा तुमच्या परसात आला तरी तो यादीतलाच.

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण गावातला बराच घोळ तिच्यामुळे आहे. १९७२ मध्ये शिकार एकदम बंद झाली नाही. पहिल्या यादीतली जनावरं बंद झाली. खालच्या याद्यांतली जनावरं, ज्यांत ससा, रानडुक्कर, तितर, लावे असे आले, ती लायसन घेऊन मारता येत होती. हे लायसनाचं दार बंद झालं १९९१ मध्ये, जेव्हा कायदा पुन्हा दुरुस्त झाला. म्हणजे तुमचे मामा किंवा आजेसासरे सांगतात, "आम्ही लायसनवर डुक्कर मारत होतो, कोणी विचारत नव्हतं," ते खोटं सांगत नाहीत. ते १९९१ आधीचं सांगतात. तेव्हापासून तीस वर्षांवर काळ गेला, पण बोलणं तसंच चालू राहिलं.

मग २०२२ मध्ये याद्या आणखी बदलल्या. पूर्वी पाचवी यादी होती, तिच्यात कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं अशी उपद्रवी म्हणून मोकळी ठेवलेली जनावरं होती. ती यादीच काढून टाकली. आता जनावरांच्या मुख्य याद्या दोन. पहिलीत वाघ, बिबट, अस्वल, मोर, खवल्या मांजर. घोरपडही पहिल्यातच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तिच्या तेलासाठी गावात अजून विचारणा होते, म्हणून मुद्दाम सांगतो. दुसऱ्या यादीत ससा आणि रानडुक्कर. पहिल्या यादीतल्या जनावराला हात लावला तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि पंचवीस हजारांहून कमी नाही असा दंड. दुसऱ्या यादीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग जागेला काहीच अर्थ उरला नाही का? उरला, पण उलट्या बाजूनं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर जनावर दुसऱ्या यादीतलं असलं तरी शिक्षा पहिल्या यादीसारखी. २०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं, त्यात आपल्या पवनी तालुक्याचा भाग आहे. २०१३ मध्ये कोका झालं, आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. ह्या हद्दींच्या आत गुन्हा मोठा होतो. हद्दीच्या बाहेर तो लहान होतो, नाहीसा होत नाही.

झुडपी जंगलाचंही सांगून टाकतो, कारण ताईचा भर त्याच शब्दावर होता. झुडपी जंगल हा शब्द फक्त आपल्या पूर्व विदर्भातल्या कागदांवर सापडतो. जिथं झाडं वाढत नाहीत अशी खुरटी जमीन, निस्तारासाठी नोंदलेली, १९५६ मध्ये आपण मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलो तेव्हा सोबत आलेली. ती जंगल की महसुलाची जमीन, यावर कितीक वर्षं वाद चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की झुडपी जंगल हे वनजमीनच धरायचं. घरकुलाच्या, शाळेच्या, अतिक्रमणाच्या दृष्टीनं हा निकाल फार मोठा आहे, त्यावर वेगळं भाषण लागेल. पण सशापुरतं बघितलं तर निकालाआधीही तो मारता येत नव्हता आणि नंतरही येत नाही.

वनहक्क कायद्याविषयी आम्हाला पुष्कळ जणींनी विचारलं. २००६ चा हा कायदा. आपल्या शेजारी गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला त्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू, डिंक, तलावातली मासळी, चराई, हे सगळं त्यात येतं. परंपरेनं चालत आलेले इतर हक्कही येतात. पण त्याच वाक्यात पुढं लिहिलं आहे, की शिकारीचा, फासे लावण्याचा किंवा जनावराच्या अंगाचा भाग घेण्याचा परंपरागत हक्क यातून वगळला आहे. उलट जंगलातली जनावरं सांभाळण्याचं काम ग्रामसभेवर टाकलं आहे. साऱ्या देशात आदिवासींचा शिकारीचा हक्क १९७२ च्या कायद्यानं एकाच जागी राखून ठेवला, तो समुद्रापलीकडे निकोबार बेटांवर. आमच्या गटातली गोंड मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "जंगल रिकामं केलं बंदुकीनं, आणि बंदी आली फाशावर." आमच्याकडे तिला उत्तर नव्हतं. खरं म्हणजे आम्हालाही तसंच वाटतं. बंदी हवीच होती, नसती तर आज नागझिऱ्यात वाघ दिसता ना. पण ज्यांनी हौसेनं मारलं त्यांना काहीच भरावं लागलं नाही, आणि ज्यांनी हाका घातला त्यांची नातवंडं तारखांना जातात.

आता कामाचं. कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, हे वकीलबाईंनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. पकडणं, पाठलाग करणं, फासा लावणं, आमिष बांधणं, हाका घालणं, जखमी करणं, आणि ह्यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. पाखरांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हीही शिकार. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यातच उरले आहेत, आणि तो पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं घालतो. निंदायला गेलेल्या बाईलाच ते आधी दिसतं. तेवढा तुकडा सोडून निंदा आणि वनरक्षकाला कळवा. पोरं अंडं उचलून घरी आणतात, त्यांना रागवा.

ढिवर बहिणींसाठी: तलावातली, बोडीतली मासळी धरणं ही शिकार नाही, तो तुमचा धंदा आहे. पण जाळ्यात कासव आलं तर ते परत पाण्यात. आपल्या तलावातलं मऊ पाठीचं कासव पहिल्या यादीत आहे. आणि अभयारण्यातल्या तलावात परवानगीशिवाय मासेमारीही चालत नाही.

मोहफूल वेचताना अस्वल अंगावर आलं आणि जीव वाचवायला कुऱ्हाड मारली, तर तो गुन्हा होत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेलं कायदा माफ करतो. मात्र तुम्ही मुळात फासे लावायला गेला असाल आणि तिथं अस्वल आलं, तर ही माफी नाही. आणि मेलेलं जनावर कोणत्याही कारणानं मेलं तरी ते सरकारचं, तुमचं नाही.

आता रानडुकराचं. इथं आमचा आवाज थोडा चढेल. रोवणीपासून कापणीपर्यंत रात्री जागलीला कोण जातं, हे रेडिओवरून सांगायला नको. एका रात्रीत कळप बांधी लोळवून जातो आणि वर्षाचं धान चिखलात. मग माणूस तारेत वीज सोडतो. १९१२ च्या कायद्यातही पीक वाचवण्यासाठी मारायला सूट होती, आणि आजच्या कायद्यातही वाट ठेवलेली आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेलं दुसऱ्या यादीतलं जनावर मारायची परवानगी वनविभागाचा अधिकारी लेखी हुकुमानं देऊ शकतो. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी निर्णय काढला, त्याप्रमाणे शेतकऱ्यानं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या आरएफओ साहेबांकडे अर्ज करायचा असतो. परवानगीनं मारलेलं डुक्करही वनविभागाच्या ताब्यात द्यायचं, घरी आणायचं नाही. ही वाट अडचणीची आहे. परवान्याची बंदूक ज्याच्याकडे आहे असा माणूस गावात सापडत नाही, आणि कागद हलायला वेळ लागतो. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा, पंचनामा वेगळा. हे सगळं आम्हाला माहीत आहे, आमचंही धान गेलेलं आहे.

पण तार नको, बायांनो. तारेला यादी कळत नाही. नागझिऱ्यात जन्मलेला जय नावाचा वाघ २०१३ मध्ये चालत चालत, शेतं आणि रस्ते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यात गेला. देशभरातून माणसं त्याला बघायला येत. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तो सापडलाच नाही. त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड भागात डुकरासाठी सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून मेला. शेतकऱ्यानं घाबरून त्याला पुरलं होतं. आणि वाघाचं सोडा, पहाटे धुऱ्यावर जाणारी बाई त्याच तारेला चिकटते. अशा बातम्या दरवर्षी आपल्या भागात येतात. त्यात मेलेला माणूस बहुतेक वेळा गावातलाच असतो, आणि तार लावणाराही.

शेवटी ताईच्या चुलीकडे येतो. कायदा सांगतो की बेकायदा मारलेलं जनावर, त्याचं मांस, कातडं, सगळं सरकारची मालमत्ता. ते कोणाच्या हाती आलं तर अठ्ठेचाळीस तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाला कळवायचं. आणि घरात ते सापडलं, तर ते बेकायदाच बाळगलं असं धरून चालतात. तसं नव्हतं हे सिद्ध करायचं काम ज्याच्याकडे सापडलं त्याचं. साध्या गुन्ह्यात सिद्ध करायचं काम सरकारचं असतं, इथं ते उलटं होतं. मारणारा रात्री पळून जातो. सापडते ती भांड्यातली भाजी, आणि भांड्याजवळची बाई. दारावर पिशवी घेऊन येणारा माणूस कधी "बकऱ्याचं आहे" म्हणतो, कधी "आपल्याच रानातलं आहे" म्हणतो. आपलंच रान, म्हणजे पुन्हा तीच जागेची भाषा. ज्या मोटारसायकलवर तो येतो ती जप्त होऊ शकते, हे त्याला ठाऊक असतं. आपल्याला पिशवीविषयी ठाऊक नसतं.

ताईच्या तारखा चालू आहेत. वकीलबाईंनी तिचं काम घेतलं आहे, पैसे हप्त्यानं द्यायचे ठरले. आणि एक विनवणी: ज्या गावात असं घडेल तिथं पंचनाम्यावर अंगठा द्यायच्या आधी तो पूर्ण वाचून दाखवा म्हणा, गटातल्या एखादीला बोलावून घ्या. ते आपण नक्की करू शकतो.

आमच्या गटात ठराव झाला आहे. दारावरचं रानातलं मटण कोणी घ्यायचं नाही, आणि कोणाच्या घरी ते आलं तर सासूला, नवऱ्याला सांगायला दुसऱ्या दोघींनी सोबत जायचं, कारण एकटीचं कोणी ऐकत नाही. दुसरं, डुकरांनी लोळवलेल्या सात जणींच्या बांध्यांचे भरपाईचे अर्ज आम्ही एकत्र लिहून आरएफओ कार्यालयात नेऊन दिले. शिक्का मारलेल्या प्रती गटाच्या पेटीत, पासबुकांच्या वर ठेवल्या आहेत. जंगलात किंवा शेतात काही दिसलं, वाघ, फासा, लावलेली तार, तर वनविभागाचा १९२६ हा नंबर फुकट लागतो, तो भिंतीवर लिहून ठेवा.

आजोबांना आम्ही निघताना विचारलं होतं, "तुम्ही शेवटचा ससा कधी मारला?" ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ते आता रेडिओवर नको." तेवढं आम्ही त्यांचं ऐकलं.

पुढच्या वेळी भरपाईचा अर्ज कसा भरायचा, त्याला कोणते कागद लागतात, ते सांगू. तोवर नमस्कार.